आजारी तान्ह्या बाळाची घरी काळजी कशी घ्यायची: चमचा, घड्याळ आणि वही

रात्री दोन वाजता बाळ फणफणलेलं असतं, कुशीत घेतलं तर चटका बसतो, आणि घरात प्रत्येकाचं वेगळं सुरू असतं. आजी म्हणते पांघरूण घाला, बाबा मोबाइलवर शोधतायत, शेजारच्या काकू फोनवर सांगतात आमच्या नातवाला हे सिरप दिलेलं लगेच उतरला. मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली आणि तिथे एक गोष्ट पक्की समजली की डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, औषध लिहितात, पण बाकीचे सगळे तास बाळापाशी त्याची आई असते नाहीतर आजी असते. खरं नर्सिंग तीच करत असते, फक्त तिला कुणी ते नीट शिकवलेलं नसतं. म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी एक वही घ्या, किंवा कॅलेंडरचं मागचं पान चालेल. त्यावर वेळ टाकून लिहायचं, ताप किती, औषध कुठलं आणि किती दिलं, शू कधी झाली, जुलाब किती, किती पाजलं, श्वास किती. दवाखान्यात "काल रात्रीपासून किती वेळा शू झाली" असं विचारलं की दहातल्या आठ घरांत आई आणि आजी एकमेकींकडे बघतात, दोष कुणाचाच नसतो, रात्रभर जागून डोकं चालत नाही. पण त्या एका उत्तरावर सलाइन लावायचं की नाही हे ठरत असतं.

आणि वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, यातलं काहीही एक दिसलं तर घरी थांबायचं नाही, अर्धी रात्र असली तरी निघायचं: बाळ अंगावर ओढत नाहीये किंवा काहीच पीत नाहीये, पोटात गेलेलं सगळंच्या सगळं ओकून टाकतंय, झटके आले, बाळ मलूल पडलंय आणि हलवलं तरी नीट जागं होत नाहीये, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय किंवा कण्हतंय, ओठ निळसर दिसतायत, शीमध्ये रक्त आहे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नुसता ताप हेसुद्धा कारण पुरेसं आहे, काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त असला तरी, आणि उलट ९५.९ च्या खाली गेलं तरीही. लहान बाळाला इन्फेक्शन झालं की कधीकधी ताप येतच नाही, अंग गार पडतं आणि लोकांना वाटतं चला ताप उतरला. तान्ह्या बाळाचा तळपाय आणि पोट हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघायची सवय लावा, पोट कोमट आणि पाय गार म्हणजे त्याला थंडी वाजतेय, लगेच आईच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घ्या, आणि पोटपण गार लागलं तर तसंच छातीशी धरून दवाखाना गाठा.

श्वास मोजणं

हे मी सगळ्यात आधी शिकवते कारण याला पैसे लागत नाहीत आणि यानेच सगळ्यात जास्त कळतं. सर्दी-खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, न्यूमोनिया तसा बरा होत नाही, आणि दोन्हीतला फरक खोकल्याच्या आवाजावरून नाही तर श्वासाच्या वेगावरून ओळखायचा. बाळ शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तमच, झबलं वर करून पोट-छाती उघडी ठेवायची, उजेड हवा, आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान बाळाचा श्वास मध्येच थबकतो मध्येच पळतो त्यामुळे गुणाकार चुकतो. रडत असेल किंवा दूध पीत असेल तर तो आकडा धरू नका. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा जलद श्वास. तान्ह्याचा आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा, दुसऱ्यांदाही तोच आला तर उठा आणि निघा. मोठ्यालाही त्याच दिवशी दाखवायचं.

हे डॉक्टरलाच जमतं असं वाटत असेल तर गडचिरोलीचं सांगते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या गावांतल्या आरोग्यदूतांना आणि दाईंना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांची पाटी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ बनवलं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. पुढे नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचं त्यांचं काम १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, ३९ गावांमध्ये नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशा ४२ दिवसांपर्यंत ज्या फेऱ्या मारतात त्याचं मूळ तिथे आहे. ती घरी आली की तिला चहा देऊन वाटेला लावू नका, बाळ उघडं करून दाखवा, तिच्याकडून श्वास मोजायला शिकून घ्या.

आकड्याबरोबर छाती बघा. आपल्याकडे म्हणतात ना "पोट उडतंय", काही ठिकाणी "डबा झालाय" म्हणतात. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, तर बाळ श्वासासाठी झगडतंय. यावर डाग देणं, मेळघाटात डंबा म्हणून बाळाच्या पोटावर चटके देतात, त्याने आधीच झगडणाऱ्या जिवाला जखम होते, वर त्यात जंतू जातात आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. मी चटक्यांची पोटं बघितली आहेत. आई रडत असते कारण तिलाही ते नको असतं, घरात तिचं चालत नाही. म्हणून हे घरातल्या मोठ्यांनी वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

साध्या सर्दीत नाक चोंदून बाळ पीत नाही, त्याला मेडिकलमधले सलाइनचे नाकात टाकायचे थेंब, पाजायच्या थोडं आधी दोन्ही नाकपुड्यांत दोन दोन, आणि मऊ सुती कापडाच्या सुरळीने हलकेच टिपून घ्यायचं. तेल नाकात घालू नका, ते फुप्फुसात उतरतं. कापूर-ओव्याची पुरचुंडी पाळण्याला बांधतात, ओवा असूदे पण कापूर काढून टाका, लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. शेक-शेगडी, धुरी हे सगळं ज्या खोलीत बाळ आहे तिथे बंद. वाफेचं भांडं नको, पोळून आलेली मुलं वॉर्डात असायची आणि ते बघवत नाही. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, खोकल्यासाठीसुद्धा नाही. आणि खोकल्याचं सिरप मेडिकलवाल्याला विचारून आणू नका, २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या मुलांचं जे झालं, त्यातली कितीतरी मुलं नागपूरला आणली होती, सिरपमधल्या विषारी डायइथिलीन ग्लायकॉलने किडन्या गेल्या होत्या. त्यानंतर केंद्राने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांच्या आत शक्यतो नाहीत.

ताप आणि पॅरासिटामॉल, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

हात लावून ताप कळत नाही, डिजिटल थर्मामीटर घ्या, काख पुसून त्यात धरा, हात अंगाशी दाबून ठेवा बीप वाजेपर्यंत. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना न दाखवता पॅरासिटामॉल द्यायचं नाही. त्याहून मोठ्या मुलाला वजनावर द्यायचं, वयावर नाही, किलोला १५ एमजी, दोन डोसमध्ये निदान सहा तास, दिवसात चारच्या वर नाही.

आता नीट बघा. पॅरासिटामॉलच्या बाटल्या वेगवेगळ्या येतात. थेंबाच्या छोट्या बाटलीत बहुतेक वेळा १ मिलीमध्ये १०० एमजी असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ एमजी. आणखी एक दुप्पट कडक सिरप, ५ मिलीमध्ये २५० एमजी. आठ किलोच्या बाळाला १२० एमजी हवं, म्हणजे साध्या सिरपचं ५ मिली, पण थेंबाच्या बाटलीतून फक्त १.२ मिली. आता आईने आधी थेंबाची बाटली वापरली, ती संपली, बाबांनी सिरप आणलं आणि त्याचंही १.२ मिलीच दिलं तर ताप उतरणारच नाही. आणि उलटं झालं, सिरपची सवय होती आणि थेंबाच्या बाटलीतून ५ मिली दिलं तर एका वेळी ५०० एमजी, चौपटीहून जास्त, हे लिव्हरवर जातं. आमच्या वॉर्डात अशी एक आजी आली होती, तिने चार वेळा दिलेलं, अगदी वेळ पाळून, प्रेमाने, बाळ वाचलं पण ते दिवस आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून काढले. म्हणून बाटलीवरचा एमजीचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, आणि नवीन बाटली आली की पुन्हा वाचायचा. घरातल्या चमच्याने औषध मोजायचं नाही, चमचे लहानमोठे असतात, सुई नसलेली सिरिंज घ्या, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, नाक दाबून घशात ओतू नका. सर्दीच्या औषधातही कधीकधी पॅरासिटामॉल असतं, दोन्ही दिलं तर डोस दुप्पट होतो.

ॲस्पिरिन मुलांना नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून बंद आहे, जुनी बाटली कपाटात असेल तर टाकून द्या. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, डेंग्यूचे दिवस असतील तर अजिबातच नको.

तापात बाळाला गुंडाळू नका, एक पातळ सुती झबलं पुरे. पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने, बर्फ किंवा गार पाणी नको, त्याने बाळ कुडकुडतं आणि आतला ताप अजून वाढतो. आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात झटके येऊ शकतात, दिसायला फार भयानक असतं. त्या वेळी कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, दातात चमचा घालणं यातलं काही करू नका, बाळाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान दूर करा, तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चालले तर १०८ ला फोन लावा, आधी थांबले तरी दवाखान्यात न्यायचंच.

जुलाब: चमचा

जुलाबात बाळ जातं ते जुलाबाने नाही तर पाणी आणि मीठ संपल्याने. बाळाच्या आतड्याला साखर आणि मीठ एकत्र मिळालं की ते दोन्ही आत घेतं आणि त्याबरोबर पाणी ओढून घेतं, जुलाब चालू असतानाही, आणि ओआरएसचं सगळं गणित एवढंच आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ड्रममधून द्यायला सुरुवात केली. पाजणारे कोण होते तर पेशंटचे नातेवाईकच. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ओआरएसची पुडी घेताना त्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नाव लावून विकली जायची, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ते नाव वापरायला बंदी केली, पण दुकानात आजही कुणी फळाच्या चवीचं काहीतरी पुढे करेल, ते घेऊ नका, जास्त साखरेने उलट जुलाब वाढतात. ग्लुकोज पावडरचं पाणी, कोल्ड्रिंक, पॅकमधला ज्यूस यांचंही तेच. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलीची, पुडीवर लिहिलेल्या पाण्यात सगळीच्या सगळी एकदम घालायची. "थोडं थोडं लागेल तसं करू" म्हणून अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकतात, त्याने मीठ जास्त होऊ शकतं आणि ते धोक्याचं आहे. उकळून गार केलेलं पाणी, चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. पुडी मिळाली नाही तर एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, दवाखान्यात पोचेपर्यंत.

प्रत्येक जुलाबानंतर दोन महिन्यांच्या आत पाच चमचे, दोन वर्षांपर्यंत पाव ते अर्धा कप, त्यापुढे अर्धा ते एक कप. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. "दूध बाधलं" म्हणून आईलाच पथ्यावर बसवतात, भात नको, वरण नको, ते करू नका, तिला नीट जेवू घाला.

आता सगळ्या आया म्हणतात, सिस्टर पाजलं की ओकतो. कारण तहानेने तो वाटीभर एकदम पितो. ओकला तर दहा मिनिटं थांबायचं, आणि मग चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, दर दोन मिनिटांनी. वाटी-चमचा नाहीतर आपलं जुनं बोंडलं उकळून घेतलेलं, बाटली नको, तिच्या बुचात जंतू राहतात. दोन मिनिटांना एक चमचा हे फार कमी वाटतं ना, पण हिशोब करा, चार तासांत १२० चमचे, म्हणजे ६०० मिली. आठ किलोचं बाळ थोडं सुकलेलं असेल तर दवाखान्यात आम्ही त्याला चार तासांत किलोला ७५ मिली देतो, म्हणजे बरोबर ६००. सलाइनची बाटली जे काम करते तेच काम चमचा करतो, फक्त कुणीतरी चार तास बसावं लागतं. आईने एकटीने बसू नये, बाबा बसा, मावशी बसा, एकेक तास वाटून घ्या, वहीत चमच्यांच्या रेघा मारत जा.

बाळ सुकतंय हे कसं कळतं, तर डोळे खोल, टाळू खोल गेलेली, रडताना अश्रू नाहीत, तोंड कोरडं, अधाशासारखं पितंय, आणि पोटाची कातडी दोन बोटांनी उचलून सोडली तर लगेच जागेवर जात नाही, हळू जाते. असं दिसलं की चमचा चालू ठेवून दवाखान्यात न्या. दोन सेकंदांच्या वर घडी तशीच राहिली, किंवा प्यायचंच सोडलं, मलूल झालं, तर हे फार पुढे गेलंय, एक मिनिट घालवू नका. सहा ते आठ तास शू नाही तरी दाखवायचं. आणि आजारपणात डायपर काढून ठेवा, जुने सुती लंगोट बांधा, डायपरमध्ये पातळ शी आणि शू एकच होऊन जातं आणि काहीच मोजता येत नाही.

जुलाबात द्यायच्या झिंकच्या गोळ्या लोक विसरतात. दोन ते सहा महिने रोज १० एमजी, सहा महिन्यांच्या पुढे रोज २० एमजी, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस, कारण आतड्याचं अस्तर भरून यायला वेळ लागतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब लागायचं प्रमाण कमी होतं. गोळी चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळते. जुलाब बंद करायच्या मोठ्यांच्या गोळ्या बाळाला कधीच नाही, आणि अँटिबायोटिक डॉक्टर म्हणाले तरच, साध्या जुलाबात त्याचा उपयोग नसतो. गुटी, घुटी या दिवसांत बंद.

सहा महिन्यांच्या पुढचं मूल असेल तर खायला द्या, उपाशी ठेवू नका. मऊ मुगाची खिचडी वर थोडं तूप, भाताची पेज मीठ घालून, कुस्करलेलं केळं, दही-भात, दोन घास खाल्ले तरी चालेल पण दिवसातून सहा वेळा. आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त, कारण आजारात उतरलेलं वजन परत भरलं नाही तर पुढचा आजार लवकर गाठतो. अंगणवाडीत जाऊन वजन करून या, वहीत लिहा. शी धुतल्यावर साबणाने हात, बाळाची शी संडासातच टाकायची, बाळाची शी घाण नसते असं आपण म्हणतो पण तिच्यात जंतू मोठ्यांपेक्षा कमी नसतात. ढुंगण लाल झालं तर वाइप्स नको, साध्या पाण्याने धुवून टिपून कोरडं करा, थोडा वेळ उघडं ठेवा, खोबरेल लावा.

डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं कोरडं सिरप दिलं तर ते करायची पद्धत: बाटली उलटसुलट हलवून पावडर सुटी करा, उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. प्रत्येक वेळी हलवून द्यायचं, सांगितलेले सगळे दिवस द्यायचं, उरलेलं पुढच्या आजारासाठी फ्रिजमध्ये जपून ठेवायचं नाही.

निघायची वेळ आलीच तर १०८ किंवा १०२ लावा. गाडी येईपर्यंत वही पिशवीत टाका, दिलेल्या औषधांच्या बाटल्या जशाच्या तशा घ्या, लसीकरणाचं कार्ड घ्या, ओआरएसची बाटली आणि चमचा हाताशी ठेवा. बाळ गिळू शकत असेल तर वाटेत पाजत राहा, शुद्धीवर नसेल किंवा झटके चालू असतील तर तोंडात काही नाही. तान्हं असेल तर झबलं काढून टोपी-लंगोट ठेवून आईच्या छातीवर उभं, कातडीला कातडी लावून, वरून साडीचा पदर नाहीतर शाल, तोंड एका बाजूला वळवलेलं आणि नाक मोकळं. आणि वाटेत पुन्हा एकदा पूर्ण मिनिट श्वास मोजा, वेळ टाकून लिहा, तिथे पोचल्यावर सिस्टर पहिलं तेच विचारेल.